अठ्ठेचाळीसावं पान

आमच्या अंबरनाथच्या घरात दोन आवाजांची सत्ता चालायची. एक आगपेटीच्या कारखान्याच्या भोंग्याची आणि दुसरी आईची. भोंगा निदान ठरलेल्या वेळी तरी व्हायचा. एप्रिल संपत आला की आईच्या आवाजाला नुसता ऊत यायचा, कारण अंगणात खाटांवर कुरडया वाळत घातलेल्या असायच्या आणि आम्ही त्या ओल्याच पळवत असू. अर्धवट वाळलेली कुरडई, वरून कडक आणि आतून मऊ, तिची चव आता या वयात कुणाला सांगून पटायची नाही. माझी सून विकतच्या आणते. चांगल्या असतात, पण चोरलेल्या नसतात. तर अशा एखाद्या दुपारी, मी आणि माझा मोठा भाऊ नंदू तोंड भरून बसलेले असताना, गल्लीच्या टोकाला सायकलची घंटी वाजायची. एक लांब, दोन आखूड. मग आम्हाला आईचा मार, कुरडया, परीक्षेचा निकाल, कशाकशाची म्हणून शुद्ध राहायची नाही. भाऊ काळसेकर आले म्हणजे शिबिर आलं!

भाऊ कारखान्यात फोरमन होते, वडिलांच्याच खात्यात. वर्षभर एक रजा घ्यायचे नाहीत. ताप आला तरी कामावर. वाचवलेली सगळी रजा मे महिन्यात एकदम काढायची आणि आम्हा पोरांना घेऊन बदलापूर गावापलीकडे, उल्हास नदीच्या काठच्या आमराईत पंधरा दिवस राहायचं, असा त्यांचा नेम. नऊ उन्हाळे तो चालला होता. भांडी आणि धान्य बैलगाडीत, आम्ही गाडीमागे चालत, आणि भाऊ सायकल हातात धरून सगळ्यांच्या शेवटी. पुढं चालताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही. अंगानं किडकिडीत, मिशा मात्र दोन माणसांच्या वाटच्या. रागावले की "गाढवांनो" म्हणायचे, खूश झाले की "गाढवा" म्हणायचे, तेव्हा एकट्याला गाढव म्हटलं की तो दिवसभर छाती फुगवून फिरायचा.

शिबिरात दोन गोष्टी कधी मोडायच्या नाहीत. पहिली मोजणी. तिला कारण आमचा नंदू. पहिल्याच वर्षी हा पठ्ठ्या आंब्यावर चढला आणि दोन फांद्यांच्या दुबेळक्यात अंग टाकून चक्क झोपला. खाली सगळं गाव त्याला नदीत शोधतंय, भाऊ कपड्यांनिशी डोहात बुड्या मारतायत, आणि हा वरून विचारतो, "काय हरवलंय?" तेव्हापासून प्रत्येक पोराला एक आकडा मिळाला. नदीतून वर आलं की मोजणी, जेवणाआधी मोजणी, निजण्याआधी मोजणी. गोल करून बसायचं आणि आपापला आकडा ओरडायचा. कुणी पुटपुटलं की भाऊ कानामागं हात लावून म्हणायचे, "ऐकू आलं नाही. नदीपलीकडं गेला पाहिजे." मग ते पोर बेंबीच्या देठापासून ओरडायचं, आणि पलीकडच्या काठावरची म्हशी राखणारी पोरं तोच आकडा उलट ओरडून दाखवायची. मी तीस. एकतीस माझी मैत्रीण ईश्वरी.

ईश्वरी सिंधी होती, पलीकडच्या निर्वासितांच्या बराकीत राहायची. भाऊ सायकलवरून तिथंही जायचे, "तुमची पोरं द्या" म्हणून दारोदार विचारायचे. ईश्वरीच्या आईनं त्यांना आधी पापड आणि पाणी दिलं, आणि मग ठाम नाही म्हणून सांगितलं. कराचीहून बोटीनं येताना गर्दीत ईश्वरीची दोन दिवस चुकामूक झाली होती, तेव्हापासून ती बाई लेकीचा हात सोडायची नाही. भाऊंनी वाद घातला नाही. बराकीसमोरच्या पोरांना गोल बसवलं आणि तिच्यादेखत मोजणी घेतली, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा ती माउली हसली आणि म्हणाली, "ले जाओ, भाईसाब. गिनके लाना." मला हे ईश्वरीनं स्वतः सांगितलंय, नाहीतर मी कशाला असल्या गोष्टी रचू!

दुसरी गोष्ट शिट्टी. रोज सकाळी भाऊ आपल्या गळ्यातली शिट्टी काढून एका पोराच्या गळ्यात घालायचे. त्या दिवसाचं कारभारपण त्याचं. कारभाऱ्यानं शिट्टी फुंकली की जो जिथं असेल तिथं थिजायचा आणि तो सांगेल ते करायचा. यात भाऊही आले. एका वर्षी एका कारट्यानं त्यांना बेडूक व्हायला सांगितलं. पन्नाशी उलटलेला माणूस, मिशांसकट, आख्खी आमराई बेडूकउड्या मारत गेला आणि वर "डराँव" सुद्धा केलं. आम्ही हसून हसून जमिनीवर लोळलो. ते मात्र उठून, गुडघे झटकून म्हणाले, "कारभाऱ्याचा शब्द म्हणजे शब्द."

त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते. शिबिराच्या आदल्या आठवड्यात वडील जेवताना म्हणाले, "काळसेकर निवृत्त होतायत. क्वार्टर सोडावं लागणार. नागपूरला मुलाकडं जातायत, जूनमध्ये." नागपूर म्हणजे आमच्या हिशेबी विलायतच. आई आमटी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "नऊ वर्षं त्या माणसानं आपल्या पोरांना जेवू घातलं. त्याला कुणी कधी पाटावर बसवून वाढलंय का?" वडील म्हणाले, "सत्कार केला होता की." आणि स्वतःच हसायला लागले, कारण त्या सत्काराची हकिगत सगळ्या वसाहतीला पाठ होती. शाल आली, नारळ आला, हार आला, एक गृहस्थ भाषणाला उभे राहिले. पहिलीच स्तुती कानावर पडली तशी भाऊ म्हणाले, "गॅसबत्ती भपकतेय वाटतं, जरा हवा भरून येतो." जे गेले ते परत आलेच नाहीत. घरी जाऊन झोपले. हार शेवटी बैलगाडीच्या बैलाच्या गळ्यात पडला आणि त्यानं तो खाऊन टाकला.

आईचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात घुसलं ते निघेना. खरंच की! शिबिरात भाऊ जेवायचे कसे? पंगत बसली की ते वाढायचे. पंगत उठली की चुलीपाशी उभ्यानं, पातेल्याच्या तळाचा भात कालवून चार घास. तो माणूस बसून जेवतो का, त्याला काय आवडतं, आम्हाला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आणि आता तो नागपूरला चालला होता. एकदा, फक्त एकदा, त्यांना पहिल्या पंगतीत बसवून पोटभर जेवू घालायचं, हे मी त्याच रात्री ठरवून टाकलं. सुगावा लागला तर ते सायकलवर टांग मारून पसार होणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे हे जमायचं तर शिट्टीच्या जोरावरच.

आता शिट्टीच्या पाळ्या आधीच लागलेल्या असायच्या. ती माझ्याकडे तिसऱ्या दिवशी यायची होती आणि शेवटच्या दिवशी होती नंदूकडे. नंदू म्हणजे भाऊंनी नुसतं पाहिलं तरी "चुकलो" म्हणणारा. मी त्याला म्हटलं, "दादा, दिवस बदल ना." हा व्यापारी निघाला! म्हणाला, "माझ्या वाटची भांडी घासशील? पंधरा दिवस?" शिबिराची भांडी म्हणजे बाहेरून बोटबोटभर काजळी. मी घासली हो! राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन नदीकाठी बसायची, माझी आणि त्याची, आणि हा शहाणा शेजारी बसून कैऱ्या खायचा. एकदा भाऊंनी पाहिलं. "ए तीस, तुझ्या बोटांना काय झालं? कोळशाच्या खाणीत होतीस?" मी म्हटलं, "भाऊ, मला भांडी घासायला फार आवडतं." त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं! माझ्या आईनं हे ऐकलं असतं तर ती मूर्च्छा येऊन पडली असती.

कटात चौघं होतो. मी, ईश्वरी, नाइलाजानं नंदू, आणि स्वयंपाकाच्या सखूबाई. सखूबाई बदलापूर गावातल्या, पहिल्या वर्षापासून चूल त्यांचीच. त्यांना सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसतच सुटल्या. "आगं बाय, त्यो मानूस बसंल व्हय? मी नऊ वरसं सांगून थकली, भाऊ, दोन घास बसून खावा. तर म्हंतो, मंग पोरांना कोन वाढंल?" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरून लग्नातला पाट आणला, पितळी फुलांचा, आणि तांदळाच्या पोत्यामागं दडवून ठेवला. ईश्वरीनं आईला निरोप धाडला होता, तिच्याकडून फडक्यात बांधलेले गोड लोले आले. जाड, तुपाळ, गुळाचा वास येणाऱ्या सिंधी पोळ्या. त्यातला एक आम्ही तपासणीसाठी खाल्ला. मग खात्री करायला आणखी एक.

शेवटच्या दिवशी सकाळी शिट्टी माझ्या गळ्यात पडली तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. पहिला हुकूम सोडला, "भाऊ, सगळ्या मुलांना घेऊन नदीवर जा, आणि शिट्टी होईपर्यंत वर यायचं नाही." त्यांनी मिशीला हात लावला. "ए तीस, काय शिजतंय?" मी म्हटलं, "आमरस शिजवत नाहीत, भाऊ." गेले बापडे. मग आम्ही मुली अशा काही तुटून पडलो म्हणता! रायवळ आंबे पिळून पिळून कोपरापर्यंत पिवळ्या झालो, माश्या आमच्यावर, आम्ही माश्यांवर. सखूबाई पुऱ्या तळतायत, ईश्वरी पाटाभोवती गव्हाच्या पिठाची रांगोळी काढतेय, ती रांगोळी मुंग्या नेतायत, ती परत काढतेय आणि म्हणतेय, "अदी, ये मुंगी लोग को भी शिट्टी मार ना!" अदी म्हणजे त्यांच्यात ताई. ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी होती, पण शिट्टी माझ्याकडे ना!

पानं मांडायचं काम मी कुणाला दिलं नाही. सखूबाईंनी पळसाच्या पत्रावळी लावून ठेवल्या होत्या. मी मोजल्या. सत्तेचाळीस. शिबिरात पोरं सत्तेचाळीस. परत मोजल्या, बरोबर सत्तेचाळीस. शाबास सुधा, मी स्वतःलाच म्हटलं. पहिली पत्रावळ पाटासमोर, तिथून पुढं ओळीनं बाकीच्या. अशी नीट पंगत मी जन्मात मांडली नव्हती.

शिट्टी फुंकली. नदीवरून पोरांचा लोंढा आला आणि मागून भाऊ, ओल्या केसांचे, पंचा खांद्यावर. त्यांना पाट दिसला. रांगोळी दिसली, उदबत्ती दिसली. त्यांचा चेहरा असा झाला की जणू शिबिरात नाग निघालाय. "नारळ आहे का कुठं? शाल? मी चाललो." आणि खरंच सायकलकडे वळले की! एक पाय पायडलवर गेलासुद्धा. मी गाल फुटतील इतक्या जोरात शिट्टी वाजवली. भाऊ एका पायावर थिजले.

"भाऊ, पाटावर बसा."

"सुधा, हे असलं शिट्टीत बसत नाही."

"बेडूक झालात तेव्हा बसत होतं?"

आख्खी आमराई हसली. भाऊ नाही हसले. सायकल झाडाला टेकवली आणि आले, आणि बसले. मांडीसुद्धा त्यांना धड घालता येईना, गुडघे वर आणि मिशा खाली, मुंजीतल्या बटूसारखे दिसत होते. सखूबाईंनी पुरी वाढली, लोला वाढला, द्रोणभर रस वाढला. भाऊंनी पुरीचा तुकडा मोडला, रसात बुडवला, तोंडाशी नेला, आणि पंगतीच्या पार टोकावरून एक बारीक आवाज आला, "मला पान नाही."

ती ठमी होती. सर्वांत लहान, सहा वर्षांची, आकडा सत्तेचाळीस. बिचारी नुसत्या मातीसमोर मांडी घालून बसली होती. भाऊंचा घास तोंडापर्यंत गेला नव्हता, तो त्यांनी पानात टाकला, पत्रावळ तशीच्या तशी उचलली, तरातरा चालत गेले आणि ठमीसमोर ठेवली. "जेव गाढवा." झालं. पुन्हा उभे. पळी हातात घेतली आणि वाढायला लागले, नऊ वर्षांसारखेच. आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता!

माझी मात्र पंधरा दिवसांची काजळी, तो पाट, ते आंबे, सगळं मातीत. मला रडूच फुटलं. चूक कुठं झाली तेच कळेना. दोनदा मोजल्या होत्या हो मी पत्रावळ्या! आणि घोटाळा झाला की काय करायचं, हे भाऊंनी आम्हाला एकच शिकवलं होतं. मी नाक पुसलं, शिट्टी फुंकली आणि ओरडले, "मोजणी!" समोर रस आणि आता मोजणी म्हणून पोरं कुरकुरली, पण कारभाऱ्याचा शब्द. एक, दोन, तीन करत आकडे पंगतीतून धावत गेले, मी तीस म्हटलं, ईश्वरीनं एकतीस म्हटलं, आणि ठमीनं रसाच्या तोंडानं "सत्तेचाळीस" करून शेवट केला. "बघ," भाऊ म्हणाले, "पोरं सत्तेचाळीस, पानं सत्तेचाळीस. कुठं चुकलंय? जेवा आता."

तेवढ्यात ईश्वरी उठून उभी राहिली. एरवी भाऊंसमोर तिचा आवाज फुटायचा नाही. म्हणाली, "अदी, भाऊ का नंबर किधर है?"

नऊ वर्षं, दिवसातून चार-पाच वेळा आम्ही ती मोजणी केली होती. प्रत्येक पोर त्यात होतं. ज्यानं ती सुरू केली तो माणूस एकदाही नव्हता, आणि सत्तेचाळीसांपैकी कुणालाच आजवर, मलासुद्धा, पत्रावळ्या दोनदा मोजणाऱ्या दीडशहाणीला, ते सुचलं नव्हतं. मला अशी लाज वाटली, आणि त्याच वेळी असं काही हसू यायला लागलं की दोन्ही एकदम होऊन मला उचकीच लागली. मी उचक्या देत देत हुकूम सोडला, "मोजणी संपलेली नाही. एक राहिलंय. संपेपर्यंत कुणी जेवायचं नाही."

भाऊ पळी हातात धरून उभे. पोरं त्यांच्याकडे बघतायत. रसावर माश्या बसतायत. शेवटी मिशांतून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं, "अठ्ठेचाळीस."

मी कानामागं हात लावला. "ऐकू आलं नाही."

सगळी पंगत एका सुरात किंचाळली, "नदीपलीकडं गेला पाहिजे!"

भाऊंनी मान वर केली, छातीत वारा भरला आणि असे ओरडले, "अठ्ठेचाळीस!", की झाडावरचे पोपट उडाले. मग नदीपलीकडून म्हशीवाल्या पोरांचा आवाज आला, "अठ्ठेचाळीऽऽस!" पोरं नाचायला लागली, भाऊ डोळे पुसत म्हणाले की चुलीचा धूर फार झालाय. चूल तर केव्हाच विझली होती. सखूबाईंनी आपल्यासाठी ठेवलेली पत्रावळ पाटासमोर आणून ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आन मंग माजा आकडा कंचा?" घ्या! दुसरी चूक! त्यांना एकोणपन्नास दिला, आणि त्यांनी तो असा खणखणीत ओरडून दाखवला की भाऊही दचकले. सखूबाई केळीच्या पानावर जेवल्या, भाऊंच्या शेजारी बसून.

त्या दुपारी आम्हाला कळलं की भाऊ सावकाश जेवतात. की त्यांना रसात मिरपूड लागते. ती कुणाकडेच नव्हती, तर नंदू धावत गावात जाऊन मागून आला, हा त्याचा मोठेपणा मी अजून मानते. की गोड लोला खाताना ते डोळे मिटतात. रस चारदा मागून घेतला त्यांनी. चौथ्यांदा मागताना म्हणाले, "कारभारीणबाई, परवानगी असेल तर," आणि मला पुन्हा उचकी लागली. ठमी आपलं पान उचलून त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. मला वाटतं माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी आनंदात नव्हते. हे आमच्या यांना सांगितलं होतं मी, ते हसले होते.

जूनमध्ये भाऊ नागपूरला गेले. पुढच्या मे महिन्यात शिबिर नंदूनं आणि शाळेच्या एका मास्तरांनी चालवलं. "चुकलो" म्हणणारा नंदू, पण झाला खरा तयार. त्या वर्षी पोरं बावन्न आली. आकडे वाटायला बसलो आणि कुणी न सांगता आम्ही सत्तेचाळीसनंतर थांबलो. अठ्ठेचाळीस कुणाला द्यायचं नाही असं ठरलं. मोजणीत सत्तेचाळीस झाला की सगळ्यांनी एक श्वास थांबायचं, मग चुलीपासून सखूबाई ओरडायच्या, "एकोनपन्नास!", आणि पुढचे आकडे सुरू. मी मोठ्या ऐटीत हे सगळं भाऊंना पत्रानं कळवलं. मला वाटलं, त्यांना भरून येईल.

आठव्या दिवशी सकाळी आमराईत पोस्टकार्ड आलं. "गाढवांनो, मोजणीत भोक ठेवता? उद्या एखादं पोर डोहात राहील आणि तुम्ही श्वास थांबवून बसाल. मी कुठं तिथं आहे? माझा आकडा ताबडतोब कुणाला तरी द्या." माझा चेहरा पडला. नंदूनं कार्ड दोनदा वाचलं, म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं," आणि संध्याकाळच्या मोजणीत अठ्ठेचाळीस ठमीच्या धाकट्या भावाला द्यायचं ठरलं. पण त्याआधीच, दुपारी, पोस्टमन घाम पुसत पुन्हा हजर. पहिलं कार्ड टपालात एक दिवस अडकलं होतं म्हणाला, हे दुसरं. तेच अक्षर, पहिल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकलेलं. मजकूर एवढाच होता:

"अठ्ठेचाळीस हजर."